रॉक हडसन कसा पाहावा: नऊ चित्रपट, साडेसोळा तास

रॉक हडसन आज बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असतो. एक म्हणजे 1950 च्या दशकातला हॉलिवूडचा सर्वांत देखणा नायक, आणि दुसरं म्हणजे 1985 मध्ये ज्याच्या एड्सची बातमी जगभर गेली तो पहिला मोठा तारा. या दोन टोकांच्या मधे साठहून अधिक चित्रपट आहेत, आणि ते न पाहताच त्याच्याबद्दल मतं बनवली जातात. 'दिसायला चांगला, अभिनय यथातथाच' हे त्यातलं सर्वांत जुनं मत. ते चुकीचं आहे. पण ते चुकीचं का आहे हे कळायला चित्रपट योग्य क्रमाने आणि योग्य प्रतीत पाहावे लागतात.

हडसन अभिनय शिकून हॉलिवूडमध्ये आला नव्हता. इलिनॉय राज्यातल्या विनेट्का गावात 17 नोव्हेंबर 1925 ला जन्मलेला रॉय शेरर, सावत्र वडिलांनी दत्तक घेतल्यावर रॉय फिट्झजेराल्ड, दुसऱ्या महायुद्धात नौदलात विमानांची देखभाल करणारा, नंतर लॉस एंजेलिसमध्ये ट्रक चालवणारा. 1948 मध्ये 'फायटर स्क्वॉड्रन'मध्ये एक किरकोळ भूमिका आणि 1949 मध्ये युनिव्हर्सल-इंटरनॅशनलचा करार. घोडेस्वारी, तलवारबाजी, आवाज, नाच, अभिनय, सगळं स्टुडिओच्या वर्गांत शिकवलं गेलं आणि पगारही चालू राहिला. म्हणजे त्याचं शिक्षण पडद्यावरच झालं, आणि ते आपल्याला वर्षागणिक पाहता येतं. अशी सोय फार थोड्या नटांच्या बाबतीत मिळते.

आधी टीव्ही नीट लावा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते टाळलं तर निम्मा आनंद जातो. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड असेल तर तो बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. दिग्दर्शक डग्लस सर्कच्या चित्रपटांत छायालेखक रसेल मेटीने निळा आणि नारिंगी प्रकाश एकाच खोलीत समोरासमोर वापरला आहे. 'व्हिव्हिड' मोडमध्ये हे दोन्ही रंग इतके भडकतात की चेहऱ्यावरची छटा दिसेनाशी होते आणि सगळं खोटं वाटू लागतं. 'मोशन स्मूदिंग'ही बंद करा. ते चालू असलं की चित्रपट टीव्ही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 'झूम' किंवा 'फिल' बंद ठेवा. काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्या. 'विंचेस्टर 73' जुन्या 1.37 प्रमाणात (म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या 1.37 पट) आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या येतील. 'जायंट' 1.66, म्हणजे बाजूंना अगदी बारीक पट्ट्या. 'ऑल दॅट हेवन अलाउज', 'रिटन ऑन द विंड' आणि 'सेकंड्स' साधारण 1.75 च्या आसपास आहेत, ते आजच्या टीव्हीवर जवळजवळ पूर्ण बसतात. 'लव्हर कम बॅक' 1.85, 'मॅग्निफिसंट ऑब्सेशन' 2.00. 'द टार्निश्ड एंजल्स' आणि 'पिलो टॉक' सिनेमास्कोप, 2.35, म्हणजे वर-खाली ठळक पट्ट्या यायलाच हव्यात. या दोन चित्रपटांची पडदाभर पसरलेली प्रत मिळाली तर समजा की चित्राच्या दोन्ही कडा कापल्या आहेत. ती प्रत सोडून द्या.

हडसनची उंची 6 फूट 4 इंचांच्या वर होती. दिग्दर्शकांना त्याला चौकटीत बसवण्यासाठी विचार करावा लागे: बसवायचा, दारात उभा करायचा, की समोरच्याला पायरीवर चढवायचं. कडा कापलेल्या प्रतीत हे सगळं नियोजन नाहीसं होतं.

क्रम

प्रदर्शनाच्या वर्षाप्रमाणे सुरुवात केली तर पहिले आठ-दहा चित्रपट छोट्या भूमिकांत जातात आणि माणूस कंटाळून सोडून देतो. शेवटापासून मागे आलात तर त्याहून वाईट: त्याच्या आजारपणाची सावली प्रत्येक दृश्यावर पडते आणि हसऱ्या प्रसंगातही आपण शोकच शोधत बसतो. म्हणून हा क्रम घ्या: 'ऑल दॅट हेवन अलाउज' (1955, 89 मिनिटं), मग मागे जाऊन 'विंचेस्टर 73' (1950, 92 मिनिटं) आणि 'मॅग्निफिसंट ऑब्सेशन' (1954, 108 मिनिटं). मग 'जायंट' (1956, 201 मिनिटं), 'रिटन ऑन द विंड' (1956, 99 मिनिटं), 'द टार्निश्ड एंजल्स' (1957, 91 मिनिटं), 'पिलो टॉक' (1959, 102 मिनिटं), 'लव्हर कम बॅक' (1961, 107 मिनिटं) आणि शेवटी 'सेकंड्स' (1966, 107 मिनिटं). एकूण साडेसोळा तास होतात. आठवड्याला दोन चित्रपट घेतले तर पाचेक आठवडे लागतील. त्याहून घाई करू नका, कारण या अभिनयात फरक बारीक आहेत आणि एका दिवशी तीन चित्रपट पाहिले की ते एकमेकांत मिसळतात.

वर्षांबद्दल एक सूचना. एखाद्या चित्रपटाचं वर्ष एका ठिकाणी 1957 आणि दुसरीकडे 1958 दिसलं तर गोंधळू नका. पहिला खेळ एका वर्षी आणि सर्वत्र प्रदर्शन पुढच्या वर्षी, असं तेव्हा बरेचदा होई.

प्रत्येक चित्रपटात चार गोष्टींवर लक्ष ठेवा: त्याचे हात काय करतात, आवाज किती खाली आहे, समोरचा बोलत असताना तो कुठे बघतो, आणि चौकटीत तो समोरच्यापेक्षा वर आहे की खाली. चित्रपट संपल्यावर एखादं पाच मिनिटांचं दृश्य आवाज बंद करून पुन्हा पाहा. हडसनचं बरंचसं काम ऐकण्याचं आहे, बोलण्याचं नाही. आवाज चालू असताना आपली नजर बोलणाऱ्यावर जाते आणि तो निसटतो.

सर्कची शाळा

'ऑल दॅट हेवन अलाउज'मध्ये तो रॉन कर्बी आहे. झाडं लावणारा, छाटणारा, आपल्यापेक्षा वयाने मोठ्या कॅरी या विधवेच्या प्रेमात पडणारा. कॅरी झालेली जेन वायमन प्रत्यक्षातही हडसनपेक्षा आठेक वर्षांनी मोठी होती. सुरुवातीच्या अंगणातल्या दृश्यात तो तिला झाडाची फांदी कापून देतो, ते हात पाहा. काम करणाऱ्याचे हात आहेत, घाई नाही. पुढे जुन्या गिरणीत तो फुटलेली वेजवुडची किटली जोडतो, तिथेही तेच. मग तिच्या वर्तुळातल्या लोकांच्या पार्टीत तो सूट घालून येतो आणि हातांना काम उरत नाही. संवादात काही न सांगता तो परका आहे हे कळतं. या एका फरकावर अख्खी भूमिका उभी आहे, आणि त्यासाठी हा चित्रपट पहिला.

इथे एक अडचण येते. आजच्या प्रेक्षकाला रॉन फारच शांत, जवळजवळ सपाट वाटतो. त्याचं कारण असं की कथा त्याच्या बाजूने सांगितलेलीच नाही, ती कॅरीच्या बाजूने आहे. ती अस्वस्थ होते, चुकते, परत येते. तो स्थिर राहिला तरच तिची ओढाताण दिसते. मुलांनी तिला टीव्ही भेट दिल्यावर त्या काळ्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसतं ते दृश्य आठवा. हडसन त्यात नाही, पण त्याची अनुपस्थिती जाणवते ती आधीच्या दृश्यांत तो इतका ठाम उभा राहिला म्हणूनच.

आता 'विंचेस्टर 73'. अँथनी मानचा हा वेस्टर्न जेम्स स्ट्यूअर्टचा आहे. हडसन थोडाच वेळ दिसतो, तेही अंगाला रंग फासून 'यंग बुल' नावाचा आदिवासी सरदार म्हणून. गोऱ्या नटांना अशा भूमिका देणं ही तेव्हाची स्टुडिओंची सर्रास पद्धत होती. ती आज पाहवत नाही, आणि पाहवू नयेच. तरी पाहायचं ते एवढ्यासाठी की इथे त्याला शरीराचं काय करायचं ते कळत नाही. तो मोठा दिसतो, पण उभं राहणं म्हणजे अभिनय असू शकतो हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. पाचच वर्षांनी रॉन कर्बी उभा राहिला.

मधली कडी 'मॅग्निफिसंट ऑब्सेशन'. याच चित्रपटाने तो तारा झाला. बेफिकीर श्रीमंत तरुण बॉब मेरिकमुळे एका सज्जन डॉक्टरचा जीव जातो, पुढे त्याच्यामुळेच डॉक्टरच्या विधवेची दृष्टी जाते, आणि तो स्वतः शल्यविशारद होतो. कथेत योगायोगांचा पाऊस आहे आणि तिथेच लोक हसून पाहणं थांबवतात. थांबू नका. पहिल्या अर्ध्या तासातला आवाज आणि शेवटच्या अर्ध्या तासातला आवाज शेजारी-शेजारी ठेवून ऐका: आधी वरचा, उतावळा, शब्द चावणारा, नंतर खालचा, सावकाश. पात्र बदलतं म्हणून आवाज बदलतो हे खरंच, पण त्याच वेळी नटालाही खालच्या आवाजाचं बळ सापडतं. विधवेच्या भूमिकेसाठी वायमनला ऑस्कर नामांकन मिळालं.

सर्क आणि हडसन यांनी 1952 ते 1957 या काळात मिळून आठ चित्रपट केले. उरलेल्यांपैकी 'टाझा, सन ऑफ कोचीज' (1954) त्रिमितीत चित्रित झाला होता आणि त्यात पुन्हा तीच रंग फासण्याची अडचण आहे. तो सोडला तरी चालेल.

जायंट दोन बैठकांत

201 मिनिटं एका दमात पाहू नका. बिक (हडसन) आणि जेट रिंक (जेम्स डीन) यांची, बिकच्या टेक्सासमधल्या रिआटा या रँचवर घराच्या व्हरांड्यात, जेट तेलाने माखलेला असताना, मारामारी होते. तिथे थांबा. तोपर्यंत जमीनदारीची गोष्ट संपते, पुढे तेलाची सुरू होते, आणि पात्रं म्हातारी होऊ लागतात.

दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सने हडसनला युनिव्हर्सलकडून उसना घेतला होता. चित्रीकरणाच्या वेळी तो 29 वर्षांचा होता आणि बिक बेनेडिक्ट म्हणून त्याला सुमारे 25 वर्षं म्हातारं व्हायचं होतं. केसांवरची पांढरी झाक आज खोटी वाटते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. खांद्यांकडे बघा. पहिल्या भागात तो घोडा विकत घ्यायला मेरीलँडला येतो तेव्हा खांदे मागे आणि पावलं लांब. शेवटच्या तासात वजन टाचांवर गेलेलं असतं आणि खुर्चीत बसताना तो आधी हाताने खुर्ची शोधतो.

जेम्स डीनशी तुलना अटळ आहे, तेव्हा ती नीट करा. डीन सतत काहीतरी करत असतो: टोपी, दोरी, मान वाकडी. हडसन काही करत नाही. एकाच चौकटीत दोघे असले की नजर डीनकडे जाते, म्हणून 'डीनने खाल्लं' असं सगळे म्हणतात. दुसऱ्यांदा पाहताना डीनवर हात धरून फक्त हडसनकडे बघा. जेट बोलत असताना बिकला आधी करमणूक वाटते, मग चीड येते, मग भीती, आणि यातलं काहीच त्याला दाखवायचं नसतं. डीन 30 सप्टेंबर 1955 ला अपघातात गेला, त्यामुळे त्याचे काही अडखळलेले संवाद नंतर निक ॲडम्सच्या आवाजात भरावे लागले. शेवटच्या मेजवानीच्या प्रसंगात आवाज वेगळा वाटला तर त्याचं कारण हे.

सर्वांत मोलाचं दृश्य आहे रस्त्याकडेच्या खानावळीतलं. मालक एका मेक्सिकन कुटुंबाला खायला द्यायला नकार देतो. बिकची सून मेक्सिकन आहे, नातू सोबत आहे, आणि आयुष्यभर स्वतःच भेदभाव केलेला हा माणूस उठतो. तो मारामारी हरतो. ज्या देखण्या नायकाला स्टुडिओने जिंकायलाच शिकवलं होतं, त्याने सॅलडच्या ढिगात कोसळणं स्वीकारलं आणि ते प्रतिष्ठेने केलं. हडसन आणि डीन दोघांनाही मुख्य अभिनेत्याचं नामांकन मिळालं. पुरस्कार 'द किंग अँड आय'साठी युल ब्रिनरला गेला. हडसनचं हे एकमेव ऑस्कर नामांकन.

'रिटन ऑन द विंड'मध्ये रॉबर्ट स्टॅक आणि डोरोथी मॅलोन बेभान आहेत (मॅलोनला ऑस्करही मिळालं), हडसन मात्र खांबासारखा उभा. ही भूमिका पातळ आहे, तिच्यात फार शोधू नका. पण लगेच पुढे तेच तिघे, तोच दिग्दर्शक घेऊन 'द टार्निश्ड एंजल्स' पाहा. विल्यम फॉकनरच्या 'पायलॉन' कादंबरीवरचा हा कृष्णधवल सिनेमास्कोप मंदीच्या काळातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये घडतो. हडसन इथे चुरगळलेल्या कपड्यांतला, दारूत बुडालेला पत्रकार बर्क डेव्हलिन आहे. शेवटाकडे वृत्तपत्राच्या कचेरीत तो नशेत एक लांब भाषण करतो, ते लक्षात ठेवा. 'सेकंड्स'मध्ये त्याच्याशी तुलना करायची आहे.

विनोद: दोन आवाज, एक माणूस

'पिलो टॉक' हा 'जायंट'नंतरच पाहायचा. ब्रॅड ॲलन नावाचा छानछोकी संगीतकार आणि जॅन मॉरो (डोरिस डे) नावाची गृहसजावटकार यांची फोनची लाइन सामाईक आहे. ती त्याला फक्त आवाजाने ओळखते आणि तिला तो असह्य वाटतो. म्हणून तो 'रेक्स स्टेटसन' नावाचा भोळा टेक्सन बनून तिच्यासमोर जातो. बिक बेनेडिक्टचा टेक्सन सूर ताजा असेल तर हडसन स्वतःच्याच गाजलेल्या भूमिकेची कशी फिरकी घेतो हे कळतं.

पाहण्याची रीत अशी: पहिल्यांदा निखळ विनोद म्हणून, सबटायटल लावून. दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून, हेडफोन लावून. ब्रॅडचा आवाज घशातून, वाक्याच्या शेवटी किंचित खाली येणारा. रेक्सचा आवाज छातीतून, लांबवलेला, वाक्याच्या शेवटी प्रश्नासारखा वर जाणारा. एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधे अर्ध्या क्षणाचा थांबा असतो. सगळा विनोद त्या थांब्यात आहे. तो थांबा जास्त झाला असता तर जॅनला संशय आला असता, कमी झाला असता तर आपल्याला मजा आली नसती.

चौकटीचं दुभंगणं हा दुसरा भाग. दोघे आपापल्या घरी बाथटबमध्ये फोनवर बोलत असतात आणि मधल्या रेषेवर त्यांचे पाय एकमेकांना लागल्यासारखे दिसतात. कडा कापलेल्या प्रतीत हे दृश्य निरर्थक होतं, म्हणून सिनेमास्कोपचा एवढा आग्रह.

आणि एक गोष्ट तिसऱ्या वेळी पाहा. ब्रॅड जॅनच्या मनात शंका पेरतो की रेक्सला बायकांमध्ये रसच नसावा. रेक्स मग आईविषयी, पाककृतींविषयी जिव्हाळ्याने बोलतो. समलिंगी असूनही ते जगापासून लपवावं लागलेला नट इथे स्त्रीलंपट पुरुष साकारतो आणि तो पुरुष समलिंगी असल्याचा आव आणतो. हे समजून पाहिलं की दृश्य जड होतं, पण त्याचं वेळेचं भान कुठेही ढळत नाही. आधी हसून घ्या असं सांगितलं ते यासाठीच: पहिल्याच वेळी हे मनात असेल तर त्याच्या विनोदाची ताकद कळत नाही.

'लव्हर कम बॅक'मध्ये तीच युक्ती पुन्हा आहे. जाहिरातवाला जेरी वेबस्टर लाजाळू रसायनतज्ज्ञ असल्याचं सोंग घेतो. इथे फक्त एक पाहा: रेक्सचं भोळेपण मोकळं होतं, याचं भोळेपण आखडलेलं आहे, कोपर शरीराला चिकटलेले. तीच कल्पना त्याने दुसऱ्या शरीराने केली. डोरिस डे आणि टोनी रँडल यांच्यासोबतचा तिसरा चित्रपट 'सेंड मी नो फ्लॉवर्स' (1964) गोड आहे, पण यादीत नसला तरी बिघडत नाही. या काळात त्याची लोकप्रियता किती होती हे पाहायचं तर अमेरिकेतल्या चित्रपटगृहांच्या मालकांचा क्विगली कौल बघा: 1957 आणि 1959 या दोन्ही वर्षी तो पहिल्या क्रमांकावर होता.

सेकंड्स: आधी काही वाचू नका

जॉन फ्रँकनहायमरचा हा चित्रपट अमेरिकेत पडला आणि कान महोत्सवात त्याची हुर्यो उडवली गेली. हडसनचं सर्वोत्तम काम हेच आहे. कंटाळलेला मध्यमवयीन बँकवाला पैसे देऊन नवा चेहरा आणि नवं आयुष्य विकत घेतो. पहिली 40 मिनिटं त्या भूमिकेत जॉन रँडॉल्फ आहे, जो राजकीय बहिष्कारामुळे बरीच वर्षं चित्रपटांपासून दूर राहिला होता. हडसन कुठे आहे म्हणून पुढे पळवू नका. रँडॉल्फचं चालणं, बसणं, संकोच डोळ्यांत साठवून घ्या, कारण पट्ट्या सुटल्यावर आरशासमोर हडसन येतो तेव्हा त्या देखण्या शरीरात तोच दमलेला माणूस असायला हवा. तो आहे. सुंदर चेहरा इथे ओझं झालेला दिसतो, आणि हे करायला हडसनइतका योग्य माणूस दुसरा नव्हता.

प्रत तपासून घ्या. द्राक्षं तुडवण्याच्या उत्सवाचा प्रसंग 1966 च्या अमेरिकी प्रदर्शनात नग्नतेमुळे कापला होता, नंतर तो परत जोडला गेला. तो तुटक, अर्धवट वाटला तर ती जुनी प्रत आहे, आणि तिच्यात हडसनच्या पात्राचा बांध फुटण्याचा क्षण नीट उमटत नाही. छायालेखक जेम्स वाँग होवेने अतिरुंद भिंगं आणि नटाच्या अंगाला बांधलेला कॅमेरा वापरला आहे. चेहरे वाकडे दिसले तर टीव्ही बिघडला नाही. पार्टीतल्या नशेच्या दृश्यानंतर थांबा आणि 'द टार्निश्ड एंजल्स'मधलं भाषण पुन्हा लावा. तिथला नशेतला माणूस प्रेक्षकांना काहीतरी सांगतो आहे. इथला स्वतःलाच सांभाळू शकत नाही. मधल्या नऊ वर्षांत तो किती पुढे गेला ते या दोन दृश्यांत दिसतं.

आयुष्याबद्दल वाचताना

चित्रपट झाल्यावर चरित्राकडे या, आणि प्रत्येक गोष्ट तीन ढिगांत टाका: कागदोपत्री पक्की, त्याने किंवा जवळच्यांनी सांगितलेली, आणि निव्वळ पसरलेली. एजंट हेन्री विल्सनने जिब्राल्टरच्या खडकावरून आणि हडसन नदीवरून नाव बेतलं ही दुसऱ्या ढिगातली. पहिल्या चित्रपटात एका ओळीसाठी 38 टेक लागले, ही तिसऱ्यातली. आकडा दर ठिकाणी बदलतो, त्यावर काही उभारू नका.

1955 चं वर्ष तारखांसह मांडून पाहा. मे महिन्यात 'कॉन्फिडेन्शियल' मासिकाने रोरी कॅल्हूनचा तुरुंगवास छापला, सप्टेंबरमध्ये टॅब हंटरची जुनी अटक. दोघेही विल्सनचे नट. हडसनचं समलिंगी असणं छापून येऊ नये म्हणून विल्सनने ही माहिती दिली असं सर्वत्र लिहिलेलं आढळतं. त्याचा कागदी पुरावा नाही, म्हणून ते तिसऱ्या ढिगात. 3 ऑक्टोबरला 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर हडसन, हॉलिवूडचा सर्वांत देखणा अविवाहित म्हणून. 9 नोव्हेंबरला विल्सनची सचिव फिलिस गेट्स हिच्याशी लग्न. 1958 मध्ये घटस्फोट. तारखाच पुरेसं सांगतात, त्यावर संवाद रचायची गरज नाही.

1985 ची जुनी वृत्तपत्रं वाचणार असाल तर जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत फार जपून वाचा. निदान जून 1984 मध्येच झालं होतं, पण ते गुप्त होतं. 1984-85 च्या हंगामात तो 'डायनॅस्टी' मालिकेत काम करत होता. जुलैच्या मध्यात डोरिस डेच्या कार्यक्रमासाठी तो कार्मेलला आला तेव्हा त्याची खंगलेली छायाचित्रं छापून आली. 21 जुलैला तो पॅरिसमध्ये कोसळला. त्यानंतरच्या काही दिवसांच्या बातम्यांत यकृताचा असाध्य कर्करोग असं लिहिलेलं सापडेल. 25 जुलैला पॅरिसमध्ये एड्स असल्याचं अधिकृतपणे सांगितलं गेलं. त्यामुळे 25 च्या आधीची आणि नंतरची कात्रणं वेगळी ठेवा. विषाणूचं नाव एचटीएलव्ही-3 किंवा एलएव्ही असं दिसेल. एचआयव्ही हे नाव 1986 चं. पॅरिसमध्ये ज्या एचपीए-23 साठी तो गेला होता ते प्रायोगिक औषध होतं, पुढे ते उपयोगी ठरलं नाही. एड्सवरच्या एझेडटी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली मार्च 1987 मध्ये. 2 ऑक्टोबर 1985 ला, 59 व्या वर्षी, तो बेव्हर्ली हिल्समधल्या घरी वारला. त्याने दिलेल्या अडीच लाख डॉलरनी एम्फार या संशोधन संस्थेच्या उभारणीला हातभार लागला, आणि तिच्यासाठी एलिझाबेथ टेलर पुढे अनेक वर्षं झटली.

यानंतर काय

नऊ चित्रपट संपल्यावर आवडीप्रमाणे जा. वेस्टर्न आवडत असेल तर मानचा 'बेंड ऑफ द रिव्हर' (1952) आणि रॉबर्ट ऑल्ड्रिचचा 'द लास्ट सनसेट' (1961). वसाहतकालीन केनियातला 'समथिंग ऑफ व्हॅल्यू' (1957) सिडनी पॉइटिएसोबत आहे आणि त्यात हडसनला ऐकण्याची भरपूर संधी मिळते. 'अ फेअरवेल टू आर्म्स' (1957) मोठा आहे, पण निर्जीव, शेवटी ठेवा. टीव्हीवरच्या 'मॅकमिलन अँड वाइफ'चे (1971 ते 1977) दोन-तीन भाग पुरेत. सुझन सेंट जेम्ससोबतचे सुरुवातीच्या हंगामांतले निवडा, कारण शेवटच्या हंगामात ती नाही आणि दोघांमधली सहज थट्टाही नाही. 'आइस स्टेशन झेब्रा' (1968) 70 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला आहे. 2.20 प्रमाणातली, सुरुवातीचं संगीत आणि मध्यंतर शाबूत असलेली प्रत मिळाली तर मोठ्या पडद्यावर पाहा. फोनवर पाहणार असाल तर तो राहू द्या.